तेल म्हणजे तेल!

विमानतळ लहान, धावपट्टी एक, बाउझर (विमानापर्यंत इंधन नेणारी टाकीची गाडी) एक, आणि विमानांना इंधन पुरवायचं काम तुमच्याकडे. अभिनंदन! जुनी माणसं घाबरवतील, त्यांचं ऐकू नका. हा शेवटी पंपच आहे. गिऱ्हाईक मध्येच बंद पडलं तर त्याला कडेला थांबता येत नाही, एवढाच काय तो फरक. आणि तोवर तुमची पावती फाडून झालेली असते.

टँकर आला की ड्रायव्हरला ताटकळत ठेवू नका. सील, बॅच क्रमांक, कशालाच हात लावू नका. घनता मोजायचा हायड्रोमीटर कपाटातच शोभतो. १५ अंश सेल्सिअसला आणलेली घनता कागदावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून जास्त सरकली तर माल उतरवण्याआधी चौकशी करायची असते म्हणे. मोजलीच नाही तर सरकेल कशी?

उतरवला की लगेच विकायला काढा. जेट इंधन दर फूट खोलीमागे तासभर निवळू द्यावं, एव्हगॅस, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल, पाव तास, असा जुना हिशोब आहे. जेट म्हणजे केरोसीन, जडसर, त्यातून पाण्याचे बारीक थेंब सावकाश खाली बसतात. सहा फूट माल म्हणजे सहा तास! थेंबांच्या सोयीने धंदा होतो का?

आता पाणी. ते झाकणाच्या झिजलेल्या रबरातून येतं, हवेच्या व्हेंटमधून येतं, रात्रीच्या गारव्यात अर्ध्या टाकीच्या भिंतींना सुटलेल्या घामातून येतं. आणि आडात असलं की पोहऱ्यात येणारच, मग रोज सकाळी टाकीच्या, फिल्टरच्या नि बाउझरच्या तळातून वेगवेगळा नमुना काढण्यात काय हशील? अगदीच कोणी बघत असेल तर काचेच्या बरणीत थोडं काढा. बरणी गोल फिरवली की मधे भोवरा होतो आणि त्याच्या टोकाशी पाणी, गंज, कचरा गोळा होतो. म्हणून फिरवू नका. सगळ्यात देखणा नमुना मात्र तो, ज्यात मधे रेघच दिसत नाही, सगळं नितळ, चकचकीत. बरणीभर निव्वळ पाणी असलं तरी ते असंच दिसतं. सिरिंजच्या टोकाला लावायची पिवळी कॅप्सूल पाणी लागताच हिरवी पडते आणि नसता वाद उभा राहतो. तिचं पाकीट मुदत संपेपर्यंत फोडू नये.

तळाशी पाणी महिनोन् महिने राहू दिलंत तर पाणी आणि जेट इंधन जिथे भेटतात तिथे तपकिरी, बुळबुळीत बुरशी धरते. ती फिल्टर चोंदवते. फिल्टरच्या आत-बाहेरच्या दाबातला फरक दाखवणारा काटा हळूहळू चढतो, तो बघून जीव टांगणीला लावून घेऊ नका. प्रवाह तेवढाच असताना एक दिवस काटा आपोआप खाली येईल. फिल्टर बरा झाला! (आतलं एलिमेंट फाटलं की कचऱ्याला अडवणारं कोणी उरत नाही, दाब पडणारच.)

एव्हगॅस १००एलएल निळं, जेट पाण्यासारखं किंवा किंचित पिवळसर. एकाची पट्टी लाल, दुसऱ्याची काळी. पट्ट्या उन्हाने विटल्या की दोन्ही मातकट होतात आणि सगळा भेदभाव संपतो. नाकाडावर ‘टर्बो’ लिहिलेलं पिस्टनचं विमान आलं की पायलटला काही विचारू नका. टर्बो म्हणजे जेट, उघड आहे. आता जेटच्या नोझलचं तोंड मुद्दाम पसरट केलेलं असतं, किमान ६७ मिलिमीटर. एव्हगॅसच्या टाकीचं भोक ६० च्या आत. आत जात नाही म्हणून हिरमुसू नका. अरुंद तोंडाच्या हेलिकॉप्टरांसाठी एक गोल नोझल ठेवलेलं असतं, तेच बाउझरला कायमचं बसवून टाका.

खरी गंमत पुढे आहे. नळ्यांत शिल्लक राहिलेल्या एव्हगॅसवर इंजिन सुरळीत सुरू होतं, टॅक्सी होते, कित्येकदा उड्डाणही होतं. मग मिश्रण पोचतं, सिलिंडरमध्ये ठोके बसू लागतात आणि पायलटच्या खाली तेव्हा फक्त झाडं असतात. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर एव्हगॅस उडून जातं आणि जेट तेलकट कडं ठेवतं. कागद वाचवा.

विमान आणि बाउझर यांना जोडणारी तार आधी, टाकीचं झाकण नंतर, हा क्रम उलटा करून बघा. होजमधून आणि विशेषतः फिल्टरमधून वाहताना इंधनावर स्थिर विजेचा भार चढतो. तार नसली तर त्याची ठिणगी नेमकी जिथे वाफ आहे तिथे, नोझलच्या तोंडाशी पडते. तार लावायचीच तर रंगावर चिमटा लावा, म्हणजे लावल्यासारखी दिसते. डेडमॅनचं हँडल (सोडलं की इंधन थांबतं ते) धरून हात भरून येतो, हँडललाच तारेचा वेढा द्या.

पायलट नुसतं ‘वीस’ म्हणाला तर वीस काय, हे विचारू नका. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचं, ब्रिटिश ४.५४६ चं, मीटर जे मोजेल ते खरं.

जेट इंधनात मिसळायचा बर्फरोधक द्रव आणि डिझेल गाड्यांचं डीईएफ (धूर स्वच्छ करायचं युरियाचं पाणी), दोन्ही रंगहीन. एकाच फळीवर, लेबलं काढून ठेवा. अमेरिकेत २०१७ मध्ये ओमाहाला आणि २०१८ मध्ये फ्लोरिडात ही अदलाबदल होऊन गेली आहे. डीईएफमधल्या युरियाचे जेट इंधनात खडे धरतात आणि फिल्टर गच्च होतात.

राहिलं रजिस्टर. रोजच्या तपासणीच्या सह्या महिनाअखेरीस एका बैठकीत उरका. पेनं मात्र दोन ठेवा, मधूनच एखादा डाग पाडा, आणि फेब्रुवारीत तीस सह्या करू नका.