आवाज वाढव, आवाज कमी कर

स्वस्तातले हॉरर पिक्चर बघायला धीर वगैरे काही लागत नाही, रिमोटवरचं व्हॉल्यूमचं बटण तेवढं धडधाकट लागतं. कारण या पिक्चरातली माणसं सतत कुजबुजतात. नवरा बायकोला जेवताना मीठ मागतो तेही कुजबुजत. मग आपण आवाज वाढवत वाढवत पार वर नेतो आणि नेमकं तेव्हाच कपाटातून मांजर उडी मारतं आणि म्युझिकवाला, ज्याला बहुतेक सगळे पैसे या एका सेकंदासाठीच दिलेले असतात, तो असा काही दणका देतो की नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या टू बीएचकेमध्ये आतल्या खोलीतून बाबा ओरडतात, "कोण पडलं रे?"

"कोणी नाही बाबा, मांजर होतं."

"आपल्याकडे मांजर कुठून आलं?"

आता रात्री साडेबाराला रिटायर्ड माणसाला जम्प स्केअर काय असतो ते कसं समजावणार. ते उठतात, किचनची खिडकी लागलीय का बघतात, दुधावर झाकण आहे का बघतात, मग झोपतात. तोवर मी आवाज कमी केलेला असतो आणि तेवढ्यात पिक्चरमध्ये कोणीतरी भुताचं सगळं रहस्य कुजबुजून मोकळं झालेलं असतं. शनिवार रात्र म्हणजे माझा हा असा व्यायाम, अंगठ्याचा.

बायको बघत नाही. तिच्या भाषेत हे "ट्यूब गेलेले पिक्चर". तिचं अगदीच खोटं नाही, लायटिंगला पैसे नसले की डायरेक्टर अंधारालाच वातावरण म्हणतो. परवा मी एका सीनला डोळे बारीक करून म्हटलं, ते बघ, कोपऱ्यात काहीतरी गोल पांढरं दिसतंय. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, टीव्हीत तुझं टक्कल दिसतंय.

बरं, दीड तासाचा पिक्चर, त्यात तासभर एक मुलगी टॉर्च घेऊन पॅसेजमधून चालते. "हॅलो? कोणी आहे का?" अगं बाई, असलं तर काय चहा टाकणारेस का? पूर्वी मला प्रश्न पडायचा की ही माणसं घर सोडून जात का नाहीत, आपण साधं झुरळ दिसलं तर माहेरी जाण्याच्या गोष्टी करतो. नंतर ट्यूब पेटली की जातील कुठे, दुसरं घर भाड्याने घ्यायला प्रोड्यूसरकडे पैसेच नाहीत! भूत परवडतं, लोकेशन परवडत नाही.

आणि गंमत म्हणजे याच कडकीतून कधीकधी असं काही निघतं की मोठ्या बॅनरवाल्यांना जमत नाही. ओरेन पेली नावाच्या माणसाने २००६ मध्ये सॅन डिएगोतल्या स्वतःच्या राहत्या घरात 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' शूट केला, साधारण १५,००० डॉलरमध्ये. तेव्हाच्या भावाने सातेक लाख रुपये. एवढ्यात आमच्याकडे पाथर्डी फाट्याला मॉड्युलर किचन आणि एक वॉर्डरोब होतो, तोही सुतार मधेच गावाला गेला नाही तर. त्या पिक्चरमध्ये आहे काय, तर बेडरूम, स्टँडवर लावलेला कॅमेरा आणि झोपलेलं जोडपं. दार थोडंसं हलतं. बस. पण त्या दाराने माझी जी झोप उडवलीय ना, कोट्यवधीच्या राक्षसांनी नाही उडवली.

'हॅलोवीन' १९७८ चा. त्यातल्या खुन्याचा तो भयानक पांढरा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला, झालं भूत तयार. गोष्ट पानगळीच्या दिवसांतली आणि शूटिंग कॅलिफोर्नियात वसंतात, म्हणून पानं रंगवून रस्त्यावर टाकायची आणि सीन झाला की झाडूने गोळा करून पुढच्या सीनला पुन्हा टाकायची. ही काटकसर बघून मला एकदम आपल्या आया आठवल्या, दिवाळीच्या गिफ्टचा कागद सेलोटेप न फाडता काढणाऱ्या. आणि १९६८ च्या 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप, पिक्चर ब्लॅक अँड व्हाईट, कोणाला कळतंय. त्याच पिक्चरचं नाव ऐनवेळी बदलताना कॉपीराइटची ओळच गळली, त्यामुळे तो अमेरिकेत सगळ्यांच्या मालकीचा होऊन बसला. मढी उठवली यांनी आणि फुकटात दाखवला जगाने. आपल्याकडे रामसे बंधू होतेच की, सात भाऊ, कोणी कॅमेरा, कोणी साऊंड, कोणी एडिटिंग, घरातल्या घरात युनिट तयार!

पण घोळ कुठे होतो सांगू का, भूत दाखवलं की होतो. तासभर नुसत्या दाराच्या करकरीवर माणसाला घाबरवून ठेवलेलं असतं आणि शेवटी डायरेक्टरला राहवत नाही, पैसे वसूल झाले पाहिजेत ना, मग कपाटातून भूत बाहेर येतं. अंगावर पडद्याचं कापड, चेहऱ्याला पीठ, आणि मनगटावर घड्याळ घातल्याचा पांढरा पट्टा. तिथे माझी भीती जी जाते ती जाते. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'वाल्यांनी शेवटपर्यंत चेटकीण दाखवलीच नाही, कलाकारांनाच कॅमेरे देऊन मेरीलँडच्या जंगलात सोडलं आणि रोज खाणं कमी कमी करत गेले. चिडचिड खरी, रडणं खरं. उपाशी माणसाला अ‍ॅक्टिंग शिकवावी लागत नाही.

नाशिककराला तर हे वेगळं सांगायला नको. नाशिकरोड-देवळालीकडून बिबट्याचं सीसीटीव्ही फुटेज ग्रुपवर येतं ते आठवा. कॅमेरा जागचा हलत नाही, आवाज नाही, कोपऱ्यात तारीख-वेळ, पार्किंगमध्ये दोन अ‍ॅक्टिव्हा उभ्या, काही म्हणजे काही घडत नाही, आणि मग भिंतीच्या कडेने तो निवांत चालत जातो. बजेट शून्य. पुढचे चार दिवस अख्खी सोसायटी कचरा टाकायला जोडीने जाते.

निफाडच्या मावसभावाला मी मोठ्या हौसेने 'लपाछपी' दाखवला होता, मराठीतला, उसाच्या शेतातला, मला तर जाम आवडलेला, पुढे हिंदीत 'छोरी' म्हणून आला तोच. हा शेंगा खात शांतपणे बघत होता. म्हटलं भीती नाही वाटली? तर म्हणे, "दादा, आमच्याकडं लाईट रात्रीची असती, दोन वाजता उसात पाणी धरायला एकटा जातो मी. त्यात भूत निघालं तर बरंच, निदान बिबट्या नाही म्हणून."

आता या सगळ्यात भर म्हणून माझ्या भाच्याने हॉरर शॉर्टफिल्म काढायला घेतलीय. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा आपला जिल्हा, त्यामुळे मोबाईल हातात आलेलं प्रत्येक पोरगं डायरेक्टर. लोकेशन फुकटचं, जुन्या नाशकातला आत्याचा वाडा. रक्त बीट आणि साखरेच्या पाकाचं केलेलं, ते दुपारभर ठेवलं तर त्याला मुंग्या लागल्या, त्यामुळे भूत सीनभर खाजवत होतं. संध्याकाळी भुताने केस मोकळे सोडून जिन्यात एंट्री घेतली, कॅमेरा चालू, सगळे श्वास रोखून, आणि वरून आत्या, "अगं ए, दिवेलागणीला केस सोडून काय उभी, बांध आधी!" भुताने मुकाट्याने केस बांधले. मी भाच्याला म्हटलं हा टेक ठेव, एवढा एकच खरा झालाय. त्याला पटलं नाही.

परवा तो पैसे मागायला आला. म्हटलं देतो, पण अट एक, भूत दाखवायचं नाही, नुसता आवाज ठेवायचा. बराच वेळ हिशोब मांडत बसला आणि म्हणाला, "मामा, चालेल, मग मेकअपचे पैसे वाचतात. आवाज मी तुझ्याच घरी येऊन रेकॉर्ड करतो, आजोबा रात्री ओरडतात ना, तो."