धूर सोडला म्हणजे शेड साफ झाली असं नाही

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय आणि माझं डोकं फिरलंय. रत्नागिरीजवळच्या एका कोळंबी सोलायच्या शेडमध्ये बायकांची पोटं बिघडली, दोघीतिघींच्या बोटांना चिरा पडून पू झाला. शेडवाल्याने काय केलं, तर फॉगिंगचं मशीन आणून आत धूर सोडला, फोटो टाकला, खाली लिहिलं 'संपूर्ण युनिट सॅनिटाइज्ड'. अर्धा ग्रुप अंगठे दाखवतोय, उरलेला अर्धा म्हणतोय केमिकल कशाला, कडुलिंबाची धुरी द्या, आमच्या आज्या शेणाने सारवायच्या त्यांना काय झालं. मी लिहिलं की आधी टेबलं घासा, मग औषधाचं बघू. त्यावर माझा चुलतभाऊ लिहितो, "दादा, तिकडचं तिकडे ठेव, इथे येऊन एक दिवस त्या शेडमध्ये बस मग बोल."

मी शारजाच्या एका फूड फॅक्टरीत साफसफाईचाच सुपरवायझर आहे, हे त्याला माहीत आहे. रोज रात्रीची शिफ्ट उतरली की आमची टीम चढते आणि सकाळी लाइन सुरू होण्याआधी मी टेबलावरून स्वॅब (कापसाच्या काडीने पुसून घेतलेला नमुना) घेऊन घाण मोजायच्या मीटरमध्ये घालतो, आकडा जास्त आला तर ते टेबल परत घासायचं, प्रॉडक्शन मॅनेजर कितीही ओरडला तरी. म्हणून 'सॅनिटाइज्ड' हा शब्द कुणी असा फोटोखाली चिकटवला की मला लागतं.

ते औषध म्हणजे क्लोरीन, आणि ते काही जादूचं पाणी नाही. टेबलावर कोळंबीचा चिकटा, सालं, रक्तपाणी असलं की क्लोरीन आधी त्या घाणीवरच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचेस्तोवर त्यात दम राहत नाही. अंघोळ न करता अंगाला पावडर फासावी तसलं ते. आणि धूर वरवर बसतो, टेबलाच्या खालच्या कडेला, सुरीच्या मुठीत, गटाराच्या जाळीखाली तो जातच नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याला गटारं फार आवडतात. म्हणून गटाराचा ब्रश वेगळा, टेबलाचा वेगळा, रंगही वेगळे, आणि गटारात जोराचा पाइप मारायचा नाही, तुषार उडून सगळं परत टेबलावर येतं.

आधी सालं खरडून काढा, मग कोमट पाण्याने धुवा (उकळतं नको, मासळीचं प्रोटीन शिजून पत्र्याला चिकटतं), मग साबण लावून घासा, परत धुवा, आणि मग क्लोरीन. दुकानात मिळणारं ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर १० लिटरच्या बादलीला ४० मिली, म्हणजे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग क्लोरीन) होतं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असेल तर साधारण ६ ग्रॅम पुरते, पण पावसाळ्यात उघड्या डब्यात दमट झालेली पावडर म्हणजे नुसता वास. दहा मिनिटं थांबा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. आणि संडासाचं ॲसिड आणि ब्लीच कधीही, कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. एवढंच आहे. यात तिकडचं काय आणि इकडचं काय?

कोणीतरी लगेच २०२० काढलं, की तुमच्या दुबईत तर रात्री रस्तेसुद्धा फवारत होते. होय, मार्चच्या शेवटी सुरू झालं होतं ते, आम्ही खिडकीतून बघायचो. पण त्याच वर्षी मे महिन्यात डब्ल्यूएचओने सांगितलं की रस्ते फवारून उपयोग नाही आणि माणसांवर तर मुळीच फवारू नका, आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारू नका हे त्याआधीच एप्रिलमध्ये सांगितलं होतं. दुसऱ्याने तेव्हा काय केलं याची ढाल करून आज शेड घाण ठेवायची का?

आज्यांचं मात्र मला कौतुकच आहे. माझी आजी सारवायच्या आधी खळं झाडून, खरवडून, ढेकळं काढून घ्यायची, सारवण त्यावर पडायचं. आठवण काढणारे फक्त सारवणाची काढतात, खरवडण्याची नाही. आणि ते सगळं बायकांनी फुकटात करायचं काम होतं.

मला खरं बोलायचंय ते इथेच. शेडमध्ये किलोवर पैसे मिळतात. वहिनी त्याच शेडमध्ये जाते, ती सांगते शेवटचा टब संपला की मोजणी, मग ज्या थांबतील त्यांनी फरशी धुवायची, त्याचे पैसे नाहीत, टेम्पो चुकला तर चालत घरी. सांगा, कोण घासेल? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ११ व्या कलमात लिहिलं होतं की फरशा आणि बाकांवरची घाण रोज काढायची आणि कामाच्या खोलीची फरशी आठवड्यातून निदान एकदा धुवायची, गरज असेल तिथे जंतुनाशक घालून. हे शारजाचं नाही, आपल्याच देशाचं आहे. आणि १९९७ साली युरोपने भारताच्या मासळीवर बंदी आणली तेव्हा एक्स्पोर्टवाल्यांनी हेच सगळं झक मारत केलंच ना. म्हणजे युरोपातल्या माणसाच्या पोटासाठी जमतं, आपल्या वहिनीच्या बोटांसाठी जमत नाही.

आमच्याकडे साफसफाई ही शिफ्ट आहे, तिची पंचिंग होते, ओव्हरटाइम लागतो. हे मी ग्रुपवर अभिमानाने लिहिलं आणि लिहिताना घशात अडकलं, कारण त्या शिफ्टला उभी असलेली पोरं कोण आहेत? बिहार, केरळ, नेपाळ, आणि दोघं आपले दापोलीचे. एका खोलीत सहा बंक, कॅम्पची बस चुकली की ॲबसेंट. इथली चकचकीत फरशी आपल्याच लोकांनी घासलेली आहे. तीच पोरं गावी गेली की कुणी त्यांना विचारत नाही की बाबा, तुला काय येतं.

मला इथे कुणी इथला म्हणणार नाही, व्हिसा संपला की बॅग भरायची, ते ठरलेलंच आहे. पण गावच्या माणसाने "तिकडचं तिकडे" म्हटलं की मी नक्की कुठला राहिलो? सणाला वर्गणी मागताना मी गावचा असतो, देवळाच्या पत्र्यासाठी गावचा असतो. मग शेडच्या टेबलाबद्दल बोलताना बाहेरचा कसा?

गणपतीला येतोय. तोवर पावसाळी बंदी उठून बोटी सुटलेल्या असतील, शेड भरलेली असेल. भावाने बस म्हटलंय तर बसतो तिथे, ब्रश आणि क्लोरीन तपासायच्या पट्ट्या माझ्या पैशाने आणतो, बायकांना प्रमाण दाखवतो. पण शेडवाल्याने धुण्याचा तो अर्धा-पाऊण तास हजेरीत धरून त्याचे पैसे द्यायचे, हे मी मोजणीच्या वेळी सगळ्यांसमोर मागणार आहे, आणि भावाने तेव्हा माझ्या बाजूला उभं राहावं.