सही घ्यायचीच नसते

आज दुपारी एका बारशाच्या पंगतीत आमच्या मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चोरा-दरोडेखोरांचं शिकून काय करणार गं तू? पोलीस व्हायचं असंल तर भरती दे की सरळ. नाहीतर बीएड कर." बाजूचे हसले. अम्मा खाली मान घालून वाढत राहिली. तिथं गप्प बसले, पण घरी आल्यापासून चैन नाही, म्हणून लिहितेय.

मी क्रिमिनल जस्टिसची डिग्री करतेय. वय 28. शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात सहा वर्षं हिशेब लिहिले, त्यातून साठवलेल्या पैशांवर शिकतेय. कुणाकडं हात पसरलेला नाही. आणि मला पोलीस व्हायचं नाही. मी हे बापूंसाठी, माझ्या वडिलांसाठी शिकतेय.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. मी सहावीत होते. बापू टॉवेलच्या कारखान्यात मागावर. सुताची चार पोती कमी भरली आणि मालकानं रात्रपाळीच्या तिघांची नावं दिली. बापूंना पोलिसांनी संध्याकाळी चौकीत नेलं ते दुसऱ्या दिवशी रात्री सोडलं. अम्मा आणि मी बाहेरच्या बाकावर. डब्यातली भाकरी तशीच वाळून गेली. दारातून मला दिसत होतं. साहेबांनी मराठीत जबाब लिहिला, कागद फिरवला, बोटानं जागा दाखवली. बापूंना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांनी तेलुगूत सही केली, एकेक अक्षर काढत, पेन घट्ट धरून. मी म्हटलं, मला मराठी येतं, मी वाचून दाखवते. मला हाताला धरून बाहेर काढलं.

पोती डाईंगला, म्हणजे रंगवायला गेलेली निघाली. मोजणीत चूक झाली होती. माफी कुणी मागितली नाही, आणि बापूंचं काम गेलं ते गेलंच.

गेल्या सेमिस्टरला वर्गात बीएनएसएसचं, म्हणजे तपास-खटल्याच्या नव्या कायद्याचं, कलम 181 आलं. जुन्या कायद्यात, सीआरपीसीत, ते 162 होतं, 1 जुलै 2024 पासून नंबर बदललाय, गोष्ट तीच. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. घ्यायचीच नसते! मॅडम पुढं शिकवत होत्या आणि मला तो कागद दिसत होता, खाली ती वळणदार तेलुगू अक्षरं. राज्यघटनेचं कलम 22 सांगतं की अटक केलेल्याला 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. बापूंची तर अटक दाखवलीच नव्हती, नुसतं 'बसवून ठेवलं' होतं. वकील बघायला अम्मानं कानातलं गहाण टाकलं. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 1987चा कायदा आहे. त्या बाकावर आम्हाला हे सांगणारं कोण होतं? मामा, तुम्ही होता का?

आणि हे सोलापुरात विचारता? आपल्या गावात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी 1871च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, रोज हजेरी घेतली. देश सुटला 1947 ला, ही माणसं सुटली 31 ऑगस्ट 1952 ला. आजही गल्लीत सायकल चोरीला गेली की पहिलं बोट कुठल्या वस्तीकडं जातं, हे पंगतीत हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी नेमकं हेच शिकतेय. माणूस चोर ठरतो कसा, कोण ठरवतं, कुठल्या कागदावर.

नोकऱ्या कमी आहेत, हो, मान्य. पोलिसांनाही बारा-बारा तास उभं राहावं लागतं, तेही मान्य. त्या रात्री एका हवालदारानं अम्माला चहा आणून दिला होता, स्वतःच्या पैशानं. ते मी विसरलेले नाही.

पण बीएड करून मी बापूंचा तो कागद वाचू शकले नसते.

मघाशी बापूंनी विचारलं, मामा काय म्हणाला. मी सांगितलं नाही. पुस्तक आणलं, 181 वाचून दाखवलं, मग तेलुगूत समजावलं. त्यांनी चष्मा लावला, न येणाऱ्या मराठी ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हणजे मी नको म्हणालो असतो तर चाललं असतं?"

मी हो म्हटलं. बापू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत एकदा वाच."