निळा बिल्ला सोडण्यापूर्वी

उत्तर व्हर्जिनियातल्या आमच्या ओळखीतली एक मुलगी परवा विचारत होती, "काका, सरकारी नोकरी सोडून कंत्राटदार कंपनीत जाऊ का? बराच जास्त पगार देताहेत." ती गुप्तवार्ता क्षेत्रात आहे, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. संस्था कोणती, हे तिच्या आईला कदाचित माहीत असेल, पण या एका विषयावर आई कधी नव्हे ती गप्प असते.

तिची अडचण खरी आहे. अमेरिकेतील शासकीय वेतनाची 'जीएस' ही शिडी १९४९ च्या कायद्याने आली. तिच्यात १५ श्रेणी आहेत, प्रत्येक श्रेणीत १० पायऱ्या आहेत आणि एकाच श्रेणीत पहिलीवरून दहावी पायरी गाठायला १८ वर्षे लागतात. सीआयएसारख्या संस्थांना कायद्याने वेगळी मुभा असली, तरी त्यांची रचनाही बरीचशी याच शिडीवर बेतलेली आहे. सुरुवातीच्या बढत्या भराभर मिळतात, पण तेराव्या-चौदाव्या श्रेणीपासून वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते. शिवाय पगाराला वरून छत आहेच: २०२५ मध्ये ते १,९५,२०० डॉलर होते आणि वॉशिंग्टन परिसरात पंधराव्या श्रेणीच्या वरच्या पायऱ्यांवरची सगळी माणसे त्याच आकड्याला टेकलेली होती.

माझा राग आहे तो निराळ्याच गोष्टीवर. जे सरकार आपल्या माणसाला थोडे वाढवून देऊ शकत नाही, तेच त्याच खुर्चीसाठी कंपनीला कितीतरी अधिक मोजते. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने २००७ मध्ये नोंदवले होते की शासकीय कर्मचाऱ्यावर वर्षाला सरासरी १,२६,५०० डॉलर खर्च होतात, तर कंत्राटी माणसावर अडीच लाख. म्हणजे प्रशिक्षणाचा आणि क्लिअरन्सचा, म्हणजे गुप्त माहिती हाताळण्याच्या परवानगीचा, खर्च करायचा सरकारने, आणि तयार माणूस उचलायचा कंपनीने. शुक्रवारी सरकारी कर्मचाऱ्याचा निळा बिल्ला जमा करून सोमवारी कंत्राटदाराचा हिरवा बिल्ला लावून त्याच इमारतीत यायचे, हा प्रकार इतका वाढला की सीआयएचे तत्कालीन संचालक मायकल हेडन यांना २००७ मध्ये नियम करावा लागला: निवृत्तीआधी राजीनामा देणाऱ्याला १८ महिने कंत्राटदार म्हणून तिथे परतता येणार नाही.

मात्र हिरव्या बिल्ल्याची बाजूही मी जवळून पाहिली आहे. मी गुप्तवार्तेतला नाही, पण सरकारी खात्यांची कामे घेणाऱ्या कंपन्यांत माझी बावीस वर्षे गेली. खुर्ची तीच राहिली आणि कंपनीचे नाव तीनदा बदलले, कारण दर पाच वर्षांनी कंत्राटाची निविदा नव्याने निघे. प्रत्येक वेळी नवी कंपनी आम्हांलाच पुन्हा घेई, पण साठलेली रजा शून्यावर येई. २०१३ मध्ये खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज १६ दिवस बंद पडले, तेव्हा सक्तीने घरी बसलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांना मागचा पगार मिळाला. आमच्यातल्या अनेकांना त्या दिवसांसाठी स्वतःची रजा खर्ची घालावी लागली.

तिची नोकरीची आठ वर्षे झाली आहेत, म्हणजे निवृत्तिवेतनाचा हक्क पाच वर्षांनंतर लागतो तो पक्का झाला आहे. पण ते निवृत्तिवेतन सर्वाधिक पगाराच्या तीन वर्षांच्या सरासरीवर ठरते, त्यामुळे आत्ता बाहेर पडल्यास आजचाच आकडा गोठून राहील. 'जाऊ नकोस' असे मी म्हटले नाही. कंत्राटाची किती वर्षे उरली आहेत, एवढे कंपनीकडून लेखी घे, असे सांगितले. तिकडून अजून उत्तर आलेले नाही.