सत्तरीतली कार्डं

सत्तरी उलटलेल्या माणसाच्या पाकिटात नोटांपेक्षा कार्डं जास्त. निवृत्त बँकवाल्याकडे आरोग्य विम्याची ग्रुप पॉलिसी, केंद्राच्या पेन्शनराकडे सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना, निवृत्त फौजीकडे तशीच ईसीएचएस. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यात केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतल्या आयुष्मान वय वंदना कार्डाची भर पडली. वय ७० पूर्ण हवं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे उपचार आणि जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरलेले. फुकट म्हटलं की आपला माणूस आधी रांगेत उभा राहतो आणि मग विचारतो, रांग कसली? इथे मात्र आधी विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण सीजीएचएस आणि ईसीएचएसवाल्यांना दोन्ही ठेवता येत नाहीत, एकच निवडावं लागतं. वय वंदना दवाखान्यात भरती झाल्यावर कामाची. ओपीडी तिच्यात नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या ज्यांना सीजीएचएसमधून महिन्याच्या महिन्याला मिळतात, त्यांनी ५ लाखांच्या आकड्याला भुलून त्या सोडणं मला तरी पटत नाही. त्यातून सीजीएचएसच्या आजन्म कार्डासाठी १० वर्षांची वर्गणी एकरकमी मोजलेली असते, वेतनस्तराप्रमाणे ३० हजार ते १ लाख २० हजार. खासगी पॉलिसीवाले आणि ईएसआय या कामगार विम्याचे लोक नशीबवान, त्यांना दोन्ही चालतात.

कार्ड काढायचं ते आधारवरून, आणि वयही आधारवरचंच. मास्तरांनी शाळेत घालताना १ जून ठोकली असेल, तर खरा वाढदिवस घरी शिऱ्यापुरता. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल मुलाचा, मुलगा बंगळुरूला, आणि मीटिंगमध्ये. मग बोटाचा ठसा. आयुष्यभर भांडी घासलेल्या आजींच्या बोटांवर रेषा उरलेल्याच नसतात. शेवटी चेहरा. चष्मा काढा, उजेडाकडे बघा, डोळे मिचकवा! आजोबा आज्ञाधारकपणे डोळे मिटतात आणि 'उघडा' म्हणेपर्यंत मिटूनच बसतात. म्हणून आधारचा मोबाइल नंबर आधी बदलून घ्यावा, निम्मा ताप तिथेच उतरतो.

खरी परीक्षा भरतीच्या वेळी. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, हे १४५५५ या हेल्पलाइनवर आधीच विचारून ठेवावं, कारण या योजनेत रिइम्बर्समेंट नाही. यादीबाहेरच्या दवाखान्यात भरलेलं बिल नंतर कितीही फाइलबंद करून पाठवा, पैसे येत नाहीत. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. त्याला कार्ड आणि आधार दाखवायचं, मग उपचाराचं पॅकेज ठरतं आणि मंजुरी येते. पॅकेज जनरल वॉर्डचं असतं. स्वतंत्र खोली हवी, असा हट्ट आजारी माणसापेक्षा भेटायला येणारे धरतात. तो हट्ट पुरवायचा तर बँकेची पॉलिसी पुढे करावी, पण टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या, खिडकीवर पहिल्याच दिवशी. एकीकडून मंजुरी घेऊन चौथ्या दिवशी दुसरं कार्ड पुढे केलं, की दोन्हीकडचे कागद अडकतात आणि डिस्चार्ज संध्याकाळवर जातो.

आणि निवृत्त बँकवाला नवरा ७२, बायको ६६ असेल, तर वय वंदना एकट्या नवऱ्याचं. बाईंनी सत्तरी गाठेपर्यंत आजारी पडायचं ते बँकेच्या पॉलिसीवर, आणि तेही १ नोव्हेंबरच्या आत नवऱ्याने पुढच्या वर्षाचा प्रीमियम आठवणीने भरला असेल तरच.