अपोलो कुब्रिकने शूट केलं असतं तर चंद्र असा दिसलाच नसता

परवा भाच्याने फॉरवर्ड पाठवला, नववीत आहे तो. मजकूर थोडक्यात असा, की स्टॅनली कुब्रिक या दिग्दर्शकाने १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या पिक्चरमध्ये चंद्र इतका हुबेहूब दाखवला की नासाने त्याच्याकडूनच अपोलो ११ चं उतरणं स्टुडिओत शूट करून घेतलं, बक्षीस म्हणून नासाची लेन्स दिली, आणि त्याच्या बायकोने हे टीव्हीवर कबूलही केलंय. खाली भाच्याचा प्रश्न, "मावशी, मग चांद्रयानपण सेटवरच का?" चांद्रयान-३ उतरलं तेव्हा याच पोराने शाळेत उड्या मारल्या होत्या, त्यामुळे माझं डोकंच फिरलं.

पहिलं म्हणजे "हुबेहूब". अहो, पिक्चर बघितलाय का कोणी? त्यातल्या चंद्रावरचे डोंगर टोकदार आहेत, लिंगाण्यासारखे सुळके. अपोलोच्या फोटोत बघा, टेकड्या गोल गोल, कारण अब्जावधी वर्षं बारीक-मोठ्या उल्का आदळून सगळं झिजलंय. कुब्रिकच्या टीमने माणूस तिथे पोचायच्या आधी कल्पनेने चंद्र उभा केला, आणि तो सुंदर आहे, पण चुकलेला आहे. पृथ्वीसुद्धा फिकट, धुऊन रंग गेल्यासारखी दिसते. अपोलो ८ ने चंद्रामागून उगवणाऱ्या पृथ्वीचा तो गाजलेला रंगीत फोटो काढला डिसेंबर १९६८ मध्ये, पिक्चर एप्रिललाच लागला होता. आणि त्यातली माणसं चंद्रावर आपण रस्त्याने चालतो तशी चालतात, अपोलोवाले उड्या मारत जातात. मग त्याच माणसाने एका वर्षात डोंगर, चाल सगळं बदललं आणि बरोब्बर खऱ्या चंद्राशी जुळवलं, असं म्हणायचंय का?

आता "स्टुडिओत करता येतं" हा मुद्दा. येतं, पण कसं ते बघा. यानात पेन तरंगतं ना, ते मोठ्या काचेला चिकटवलेलं होतं आणि काच हळूहळू फिरवत होते, एअर होस्टेस ते नुसतं सोडवून घेते. सुरुवातीच्या माकडांच्या भागात मागचं आफ्रिकेचं दृश्य समोरून पडद्यावर टाकलंय, तोच उजेड बिबट्याच्या डोळ्यांत पडून डोळे चमकतात. यानातलं ते गोल फिरणारं घर म्हणजे ३८ फुटी चाक, त्यासाठी साडेसात लाख डॉलर गेले. असे २०५ शॉट, एकेक काही सेकंदांचा, आणि त्यांना जवळजवळ दोन वर्षं लागली. अपोलो ११ चं चालणं जवळजवळ अडीच तास लाइव्ह होतं!

आणि धूळ. अपोलो १६ मध्ये अंतराळवीर जॉन यंग रोव्हर, म्हणजे चंद्रावरची गाडी, पळवतो ती क्लिप बघा. चाकामागची धूळ कमान करून उडते आणि तशीच खाली पडते, लोट उठत नाही. आमच्या गावच्या कच्च्या रस्त्यावरून एसटी गेली की धूळ पाच मिनिटं हवेत असते, कारण हवा आहे. म्हणजे हे शूट करायला अख्खा स्टुडिओ हवा काढून रिकामा करायला लागला असता.

लेन्सचं अर्धं खरंय, मान्य. झाइस या जर्मन कंपनीने नासासाठी बनवलेल्या दहा लेन्सपैकी तीन कुब्रिककडे होत्या, पण त्या त्याने झाइसकडून विकत घेतल्या आणि १९७५ च्या 'बॅरी लिंडन' मध्ये मेणबत्तीच्या उजेडात वापरल्या. नासा सोडून आलेले दोघं, ऑर्डवे आणि लँग, '२००१' ची यानं डिझाइन करायला होते हेही खरं. त्यातून चंद्र खोटा कसा ठरतो?

बायकोची कबुली म्हणजे २००२ ची विल्यम कारेलची फ्रेंच फिल्म, मुद्दाम रचलेली खोटी डॉक्युमेंट्री. शेवटच्या नामावलीत मंडळी डायलॉग विसरून हसताना दाखवलीत, फॉरवर्डवाले नेमका तोच भाग कापून टाकतात.

हवा नाही तर झेंडा पसरलेला कसा, आकाशात चांदण्या का नाहीत, हेही लोक विचारतात. झेंड्याला वरून आडवी दांडी होती. चांदण्या नाहीत कारण उन्हात चकाकणाऱ्या जमिनीसाठी कॅमेरा लावला की अंधुक चांदण्या फोटोत येतच नाहीत, उलट कुब्रिकच्या अवकाशात चांदण्या आहेत.

आणि भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरने वरून फोटो घेतलाय, त्यात अपोलो ११ च्या चंद्रावर उतरलेल्या यानाचा मागे राहिलेला खालचा भाग दिसतो. तो त्याला पाठवलाय. रविवारी येतोय तो, पिक्चर सोबत बघू, बिबट्याचे डोळे आले की पॉज करून दाखवणार आहे.