वाचनालय बुडवायचंय? मग डाळमिल टाका

लातूर-उदगीरच्या पट्ट्यात तुमच्या गावाचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, वाचनालय आहे. सरकारी अनुदान येतं, पण येईल तेव्हा. एक दिवस पारावर कुणीतरी म्हणतं, “संस्थेनं सोताच्या पायावर उभं राहावं की हो!” झालं. गावात तूर पिकते, म्हणून डाळमिल ठरते. आता मिल वाचनालयाला पोसणार की वाचनालय मिलला, एवढंच बघायचं राहतं. निकाल लवकर लागावा म्हणून हा सल्ला.

सुरुवात हिशेबापासून करा. तूर ७० रुपये किलो, डाळ ११०. किलोमागे ४० रुपये नफा! अध्यक्षांनी हा आकडा सभेत दोनदा वाचावा. छोट्या मिलवर क्विंटलभर तुरीतून ७० किलोच्या आसपासच डाळ पडते, हे जाणणाऱ्याच्या हाती माइक जाऊ देऊ नका. तो सांगेल: तूर ७,००० ची, त्यातून २० किलो चुणी-भुसा १५ रुपयांनी गेला तर ३०० सुटले, उरलेल्या ६,७०० ला ७० ने भागा, डाळ जवळपास ९६ ला पडली. वीज, मजुरी, पिशवी, लेबल यांचे १० चढवले की १०६. हाती राहिले ४. असल्या माणसाला चहा पाजून घरी पाठवा आणि सभासदांना किलोमागे ५ रुपये सूट देण्याचा ठराव एकमताने मंजूर करा. आपलीच माणसं आहेत.

तुरीचं साल डाळीला डिंकासारखं चिकटलेलं असतं. म्हणून जाणकार आधी दाण्यावर ओरखडे पाडतात, क्विंटलला २०० ते ५०० ग्रॅम तेल चोळतात, रात्रभर मुरवतात, उन्हात वाळवतात, पाण्याचा हात देऊन पुन्हा वाळवतात. एवढी थेरं कशाला? तशीच भरडा. साल सुटत नाही, चुरा वाढतो, ७० चे ६० किलो होतात. पण गुरांना चुणी भरपूर मिळते. वाळवण ऐन अवकाळीच्या तोंडावर घाला. ताडपत्रीचा खर्च तेवढा वाचवता येतो.

तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, डाळ वर्षभर खपते. म्हणजे ५० क्विंटल तुरीचे साडेतीन लाख मधल्या काळात अडकून पडणार. ते कुठून आणायचे? वाचनालयाची मुदत ठेव आहे ना, तिच्यावर कर्ज काढा! विश्वस्त संस्थेला कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. आपण ती नंतर मागू. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतलं ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, कर्जाला बांधलेलं असतं आणि ३ वर्षं बँकेतच थांबून कर्जात वळतं. तुम्ही मात्र ते दिवाळीपर्यंत रोख हातात पडेल असं धरून दुप्पट मोठं यंत्र सांगून या.

हिशेबाची वही एकच ठेवा. पुस्तकांची वर्गणी आणि चुणीचे पैसे एकाच गल्ल्यात. धंद्याचे हिशेब वेगळे ठेवावेत असं आयकर कायदा सांगतो. 'सर्वसाधारण लोकोपयोगी' सदरातल्या संस्थेला तर धंद्याची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर त्या वर्षाची करमाफी जाते. जमा म्हणजे विक्री, नफा नव्हे. 'ड' वर्गाच्या जमेचे २० टक्के म्हणजे किती पोती, हे सीएला विचारू नका. तो वेगळी कंपनी काढा म्हणेल.

पाकिटावर 'बोरसुरी तूरडाळ' छापा. तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते हे आपल्या गावात कोणाला ठाऊक? एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी क्रमांक मात्र टाका, शेजारच्या मसालेवाल्याचा.

उधारी नाकारू नका. सरपंच, गुरुजी, सोसायटीचे चेअरमन, सगळे घरचेच. वसुलीला वाचनालयाच्या लिपिकाला धाडा. तसंही पुस्तकं कोण मागतंय? त्याचा पगार वाचनालयातून निघतो, म्हणून मिलच्या खर्चात धरायचा नाही. घसारा तर शब्दच जुनाट. बेल्ट तुटेल तेव्हा बघू.

साठ्याला गोदाम कशाला, वाचनकक्ष आहे. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना पोत्यांवर बसवा. फक्त खिडकीखालच्या थप्पीवर कोणाला बसू देऊ नका, तिथली तूर अजून ओली आहे.